कौलारू घराच्या सोप्यात आजीचा फोटो: सावली हवी आहे, पण अर्धा चेहरा काळा पडतो

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

नमस्कार. येत्या माघात आमच्या आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा कार्यक्रम घरीच करण्याचे ठरले आहे. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झाले. त्यांचा गणवेशातला, बेळगावात काढलेला कृष्णधवल फोटो आमच्या सोप्यात मी लहान असल्यापासून टांगलेला आहे. आजीचा मात्र आधार कार्डावरचा सोडला तर एकटीचा असा एकही फोटो घरात नाही. कार्यक्रमाच्या आधी तिचा बारा बाय अठरा इंचांचा फोटो आजोबांच्या शेजारी लागावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

दोन महिन्यांपूर्वी तिला तालुक्याच्या गावातल्या एका स्टुडिओत नेले होते. तिथे दोन्ही बाजूंनी छत्र्यांचे दिवे लावून फोटो काढला आणि नंतर संगणकावर चेहरा इतका गुळगुळीत केला, की सुरकुत्यांबरोबर कपाळावरचे आणि हनुवटीवरचे गोंदणही पुसले गेले. आजीने तो फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि मला विचारले, “ही कोण गे?” त्या दिवशी मी ठरवले की फोटो आपणच काढायचा, आणि तो घरातच, तिच्या रोजच्या जागी काढायचा.

आमचे घर जुने, मंगलोरी कौलांचे आहे. सोप्याचे दार पूर्वेला असून त्याची चौकट साधारण साडेतीन फूट रुंद आणि सहा फूट उंच आहे. भिंती चुन्याच्या आहेत आणि चुन्यात नीळ घातलेली आहे. खाली शहाबादी फरशी आहे. माजघरात उत्तरेला एक लहान गजांची खिडकी आहे आणि वर एक काचेचे कौल आहे, त्यातून दिवसा कवडसा पडतो. माझ्याकडे चोवीस मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि 50 मिलिमीटरची 1.8 ची लेन्स आहे.

आतापर्यंत तीन प्रकारे प्रयत्न केले. ट्यूबलाइट लावून काढलेल्या फोटोत चेहरा सपाट आणि हिरवट आला, आणि डोळ्यांखाली खड्डे पडल्यासारखे दिसले. दाराकडे तोंड करून बसवले तेव्हा आजीने डोळे मिचकावले आणि फोटो पुन्हा आधार कार्डासारखाच झाला. तिसऱ्या वेळी दाराच्या कडेला आडवे बसवले, तेव्हा मात्र काहीतरी जमल्यासारखे वाटले, कारण तिच्या गालाचे हाड, नाकाची ठेवण आणि पदराची घडी हे सगळे उठून दिसत होते. पण दाराकडचे पांढरे केस पूर्ण फुटले (बटा न दिसता नुसता पांढरा पट्टा झाला) आणि दुसरी बाजू इतकी काळी झाली की तिकडचा डोळाही दिसेना. आजीने पाहून म्हटले, “अर्धं तोंड काळं कशाला काढलंस गे, अवसेसारखं?”

तिचे म्हणणे मला पटते. शुभकार्यासाठी काढलेल्या फोटोत अर्धा चेहरा अंधारात असावा, हे तिला रुचणार नाही आणि मलाही तिच्या मनाविरुद्ध काही लावायचे नाही. तरीही ती सावली पूर्ण घालवली तर पुन्हा तो स्टुडिओतला फोटो होईल. सावली राहावी, पण त्या सावलीत चेहरा दिसावा, यासाठी काय करावे? सुरकुत्या आणि गोंदण दोन्ही नीट यायला हवे. यासाठी एलईडी दिवा विकत घेणे आवश्यक आहे का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

शहापूरचा_माग (बेळगाव)

आपला प्रश्न वाचून फार बरे वाटले. दिवा घेऊ नका. आपल्याकडे साडेतीन बाय सहा फुटांचा दिवा आधीच आहे, त्याला आपण दार म्हणतो. माझे गेल्या पंचवीस वर्षांतले घरगुती फोटो जवळजवळ सगळे दाराच्या उजेडातच काढलेले आहेत, त्यामुळे जे सांगतो ते करून पाहिलेले सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे घरातले सगळे दिवे बंद करा. ट्यूबलाइटचा रंग वेगळा आणि दारातून येणाऱ्या उजेडाचा रंग वेगळा असतो. दोन्ही एकाच चेहऱ्यावर पडले की एक गाल नैसर्गिक आणि दुसरा हिरवट होतो, आणि तो नंतर सुधारणे अवघड जाते. शिवाय ट्यूब भिंतीवर उंच असते, म्हणून भुवयांची सावली डोळ्यांत पडते. आपल्याला डोळ्यांखाली खड्डे दिसले ते त्यामुळेच.

दुसरी गोष्ट वेळेची. दार पूर्वेला आहे म्हणजे सकाळी ऊन थेट आत येणार. त्या उन्हात फोटो काढू नका, कारण सूर्य आकाशात एवढासा दिसतो आणि एवढ्याशा जागेतून आलेल्या प्रकाशाची सावली सुरीने कापल्यासारखी पडते. माघात दहा-साडेदहापर्यंत, वळचण किती पुढे आलेली आहे त्यानुसार थोडे आधी किंवा नंतर, ऊन उंबऱ्याबाहेर सरकेल. तिथून पुढे दारातून जो उजेड येतो तो सूर्याचा नसून आकाशाचा आणि अंगणाचा असतो. तो चेहऱ्याकडे एका ठिपक्यातून येत नाही, सगळ्या चौकटीतून येतो, आणि म्हणून त्याची सावली कडेला विरघळत जाते. प्रकाश मऊ की कठोर हे दिव्याच्या ताकदीवर ठरत नाही. चेहऱ्याच्या जागेवरून पाहिले असता तो दिवा किती मोठा दिसतो, यावर ठरते. आजीला दारापासून तीन फुटांवर बसवले तर दार तिच्या दृष्टीने प्रचंड मोठे असते. बारा फुटांवर बसवले तर तेच दार एक लहान चौकोन होते, आणि सावली पुन्हा कडक होते.

जवळ बसवण्याचा आणखी एक फायदा आहे. लहान दिव्याच्या बाबतीत अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो आणि तिप्पट झाले की नववा हिस्सा उरतो. दार मोठे असल्यामुळे हा नियम इथे तंतोतंत लागू पडत नाही, उजेड थोडा सावकाश कमी होतो. तरीही आजी दारापासून तीन फुटांवर आणि मागची भिंत नऊ फुटांवर असेल, तर भिंत आपोआप गडद होते आणि चेहरा त्यातून पुढे येतो. म्हणजे मागे काळा पडदा टांगण्याची गरज नाही.

आता मुख्य अडचण, म्हणजे काळी पडणारी बाजू. आजीला दाराशी अगदी काटकोनात बसवल्यामुळे ती तशी पडली. खुर्ची किंवा पाट थोडा दाराकडे वळवा आणि नंतर फक्त तिचे नाक दाराच्या दिशेने हळूहळू वळवत न्या. स्वतः कॅमेरा डोळ्याला न लावता दूरच्या गालाकडे पाहत राहा. एका क्षणी नाकाची सावली आणि गालाची सावली एकमेकींना चिकटतील आणि दूरच्या डोळ्याखाली उजेडाचा एक लहान त्रिकोण सुटा राहील. तिथे थांबा. हा त्रिकोण डोळ्यापेक्षा रुंद नसावा आणि नाकापेक्षा लांब नसावा. डच चित्रकार रेम्ब्रांट (1606–1669) याच्या व्यक्तिचित्रांत असा उजेड वारंवार दिसतो, म्हणून छायाचित्रकार या मांडणीला त्याच्या नावाने ओळखतात. या त्रिकोणामुळे अंधाऱ्या बाजूचा डोळा जिवंत राहतो, आणि आजीची मुख्य तक्रार तिथेच मिटेल असे मला वाटते.

एवढ्याने भागले नाही तर अंधाऱ्या बाजूला, चेहऱ्यापासून दोन-तीन फुटांवर, एका खुर्चीच्या पाठीवर आजोबांचे पांढरे धोतर चौपदरी करून टाका. दाराचा उजेड त्यावर आपटून परत येईल. धोतर जवळ आणले की सावली उजळते, लांब नेले की गडद होते. किती उजळायची याचे एक माप सांगतो. कॅमेऱ्याचे स्पॉट मीटरिंग (चौकटीतल्या एका लहान जागेचाच उजेड मोजण्याची सोय) लावून आधी उजळ गाल मोजा, मग काळा गाल मोजा. एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. दोघांत तीन स्टॉपचा फरक असेल तर उजेडाचे प्रमाण आठास एक होते, तो फोटो नाटकातल्या प्रवेशासारखा दिसतो. एक स्टॉपचा फरक असेल तर सपाटपणाकडे झुकतो. शुभकार्यासाठीच्या फोटोला दोन स्टॉप, म्हणजे चारास एक हे प्रमाण मला योग्य वाटते.

केस फुटले त्याचे कारण वेगळे आहे. मागे अंधार खूप असला की कॅमेऱ्याला एकूण दृश्य काळे वाटते आणि तो सगळेच उजळ करायला जातो. म्हणून मीटरिंग स्पॉटवर ठेवून उजळ गालावर मोजा, एक फोटो काढा, पडद्यावर मोठा करून केसांच्या बटा सुट्या दिसतात का ते पाहा, आणि दिसत नसतील तर एक्सपोजर तिसरा हिस्सा किंवा अर्धा स्टॉप कमी करा. फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्येच काढा. काळोखात दडलेले पुष्कळसे नंतर वर काढता येते, पण जळून पांढरे झालेले परत येत नाही.

शटरचा वेग 1/125 सेकंदाच्या खाली नेऊ नका, वयस्क माणसांची मान नकळत हलत असते. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचे तोंड, 2.8 ते 4 च्या दरम्यान ठेवा, 1.8 ला एक डोळा स्पष्ट आणि दुसरा अस्पष्ट होईल. यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता) 800 किंवा 1600 पर्यंत गेले तरी चालेल. फोटोत थोडे कण दिसले तर कोणी नाव ठेवत नाही, हललेला फोटो मात्र भिंतीवर लावता येत नाही.

निपाणीचा_कट्टा

वरील उत्तर उत्तम आहे. मी फक्त फोनवर फोटो काढणाऱ्यांसाठी थोडी भर घालतो, कारण हा धागा पुढे अनेक जण वाचतील.

फोनचा मुख्य कॅमेरा रुंद पल्ल्याचा असतो. चेहरा चौकटीत भरावा म्हणून आपण जवळ जातो आणि मग नाक मोठे, कान लहान दिसू लागतात. पाच-सहा फूट मागे उभे राहून दोनपट किंवा तीनपटची लेन्स वापरावी. चेहरा सुंदर करणारी सोय आणि रात्रीची सोय या दोन्ही बंद कराव्यात, कारण एक सुरकुत्या पुसते आणि दुसरी सावल्या भरून टाकते, म्हणजे आपण मेहनतीने मांडलेला छायाप्रकाश फोन आपल्याला न विचारता सपाट करून टाकतो. पडद्यावर उजळ गालावर बोट दाबून धरले की मोजमाप तिथेच कायम राहते. मग बोट खाली ओढून उजेड थोडा कमी करावा.

रात्री दिव्याखाली फोटो काढणे भागच असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्या घरातली वीज 50 हर्ट्झची असते आणि पुष्कळ ट्यूबा व स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर 1/50 किंवा 1/100 ठेवले तर फोटोवर काळे पट्टे सहसा पडत नाहीत.

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

आपल्या दोघांचे मनापासून आभार. काल रविवारी सांगितल्याप्रमाणे केले. दहा वाजून चाळीस मिनिटांनी ऊन उंबऱ्याबाहेर गेले. आजीला दारापासून तीन फुटांवर तिच्या नेहमीच्या पाटावर बसवले, नाक हळूहळू वळवले, आणि तो त्रिकोण खरोखरच दिसला. तो दिसताच मला इतका आनंद झाला की फोटो काढायचे काही क्षण राहूनच गेले. अंधाऱ्या बाजूचा डोळा आता दिसतो आणि त्या डोळ्यात दाराची उभी, उजळ चौकट बारीक चमकते.

तीन अडचणी मात्र उरल्या आहेत. हनुवटीच्या खालून आणि नाकपुड्यांजवळ एक तांबूस झाक येते. सावलीकडचा गाल, धोतर लावूनही, किंचित निळसर दिसतो. आणि गोंदण जेमतेम कळते. सुरकुत्या ठसठशीत आल्या आहेत, पण कपाळावरच्या गोंदणाच्या रेघा त्या सुरकुत्यांत हरवतात. आजीने सात वर्षांची असताना ते जत्रेत गोंदवून घेतले होते आणि तिला स्वतःच्या चेहऱ्यात तेच सर्वांत प्रिय आहे.

शहापूरचा_माग (बेळगाव)

तांबूस झाक आपल्या अंगणाची आहे. खानापूर भागातली माती तांबडी. त्यावर ऊन पडले की सगळे अंगणच एक लाल परावर्तक होते आणि तो उजेड दारातून खालून वर चढतो. खालून येणारा उजेड चेहऱ्याला तसाही शोभत नाही. उंबऱ्याच्या बाहेर चार-पाच हात घोंगडी अंथरा. काळी घोंगडी उजेड पिऊन टाकते, त्यामुळे खालचा उजेड कमी होतो आणि आकाशाकडून येणाऱ्या उजेडाला वरचष्मा मिळतो.

निळसर गालाचे कारण भिंत आहे. चुन्यात नीळ घातलेली भिंत डोळ्यांना पांढरीशुभ्र वाटते, पण तिच्यावरून परतणारा उजेड निळसर असतो. धोतर भिंतीच्या आणि चेहऱ्याच्या मध्ये येईल असे मोठे पसरा, शक्य असल्यास दोन धोतरे जोडून लावा. व्हाइट बॅलन्ससाठी आजीच्या हातात एक साधा पांढरा कागद देऊन पहिला फोटो घ्या आणि नंतर संगणकावर त्या कागदावरून रंग जुळवा. उघड्या सावलीतला उजेड सात-आठ हजार केल्विनच्या आसपास, म्हणजे दुपारच्या उन्हापेक्षा बराच निळा असतो, तेव्हा ही दुरुस्ती करावीच लागेल.

गोंदणाबद्दल मला पुरेसा अनुभव नाही, त्यावर दुसऱ्या कोणी लिहावे.

चुन्याची_भिंत (टिळकवाडी)

मी चित्रकला शिकवतो, छायाचित्रण हा माझा व्यवसाय नाही. तरी गोंदणाविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही.

सुरकुती म्हणजे कातडीवरचा खळगा. उजेड कडेने आला की प्रत्येक खळग्यात सावली भरते आणि सुरकुती उठून दिसते. गोंदण हा खळगा नाही, तो कातडीच्या आतला रंग आहे. त्याला उंचीही नाही आणि खोलीही नाही, म्हणून कडेच्या उजेडाचा त्याला काहीच फायदा होत नाही. उलट शेजारच्या सुरकुत्यांच्या सावल्या त्याच्यावर मात करतात. तेव्हा कपाळापुरता उजेड थोडा समोरून यायला हवा. आजीची मान तशीच ठेवून फक्त हनुवटी दोन बोटे खाली आणि कपाळ किंचित दाराकडे झुकवून पाहा. तेवढ्याने कपाळावरचा उजेड सपाट होतो, गालावरचा तिरपाच राहतो. हा फरक डोळ्यांनी दिसेपर्यंत घाई करू नका.

दुसरा उपाय फोटो काढल्यानंतरचा आहे. आजोबांचा फोटो कृष्णधवल आहे, तेव्हा शेजारी लावायचा आजीचाही कृष्णधवलच करावा, असे मी सुचवीन. रंगीत फोटो कृष्णधवल करताना लाल, हिरवा आणि निळा या तिन्हींपैकी कोणाला किती महत्त्व द्यायचे हे आपल्या हातात असते. गव्हाळ कातडी लाल उजेड भरपूर परतवते आणि जुने निळे-हिरवे गोंदण तो शोषून घेते. म्हणून लाल रंगाचा हिस्सा वाढवला की कातडी उजळते आणि गोंदणाच्या रेघा स्पष्ट उमटतात. पण इथे एक धोका आहे, तो आधीच सांगतो. कुंकूही लालच असते. लालचा हिस्सा फार वाढवला तर कुंकू कातडीच्याच छटेत मिसळून कपाळ मोकळे दिसेल, आणि आजोबा शेजारी बसलेले असताना आजीच्या कपाळावरचे कुंकू फोटोत नसणे घरात कोणालाही आवडणार नाही. हिरव्याचा हिस्सा वाढवला की कुंकू गडद होते, पण सुरकुत्याही वाढतात. तेव्हा लाल वाढवून गोंदण आणावे, आणि कुंकवाची तेवढी जागा निवडून हिरव्याच्या हिशेबाने गडद करावी. संगणकावर हे दहा मिनिटांचे काम आहे. ही चेहऱ्यातली खाडाखोड होत नाही, जे कपाळावर मुळातच आहे ते फक्त दिसेल असे केले जाते.

धोतराबाबत मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. दोन धोतरे जोडून लावली तर सावली उजळेल हे खरे, पण ती धुऊनही निघेल. आमच्या बेळगावात के. बी. कुलकर्णी यांच्यासारख्या चित्रकारांनी व्यक्तिचित्रणाची जी दृष्टी रुजवली, तिच्यातून मी एक गोष्ट घेतली: सावली म्हणजे काळा रंग नव्हे, सावलीलाही स्वतःचा रंग आणि स्वतःचा उजेड असतो. याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे निरांजन हातात धरून उभ्या असलेल्या स्त्रीचे चित्र, जे म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्यांचे समजतात. प्रत्यक्षात ते आपल्या शेजारच्या सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकर (1882–1968) यांचे आहे, आणि तेही जलरंगातले आहे. ज्योतीसमोर धरलेल्या बोटांच्या कडांतून उजेड लालसर होऊन झिरपतो, चेहरा खालून उजळतो आणि बाकीची आकृती अंधारात विरत जाते. त्या अंधारात पाहत राहिले की साडीच्या चुण्या एकेक करून दिसू लागतात. आपल्या फोटोतली सावली इतकी उजळ असावी की आजीच्या इरकलीचा काठ तिच्यात शोधून सापडेल, आणि इतकी गडद असावी की तो शोधावा लागेल. म्हणून एकच धोतर ठेवा, पण ते चेहऱ्याच्या किंचित पुढे, कॅमेऱ्याच्या बाजूला आणा. मागे भिंतीकडे राहिले तर ते फक्त कानाला आणि पदराला उजेड देते.

जाता जाता, खालून येणारा उजेड चेहऱ्याला शोभत नाही हे वरचे विधान दिवसाच्या उजेडापुरते मान्य करतो. निरांजनाच्या बाबतीत ते खरे नाही.

माजघरातले काचेचे कौलही वाया घालवू नका. त्याखाली आजीला बसवू नका, डोळे काळवंडतील. परंतु सोप्याच्या दारातून पाहताना तो कवडसा तिच्या मागे, माजघराच्या जमिनीवर पडत असेल, तर तिथे एक पांढरी चादर अंथरा. तो उजेड मागून तिच्या डोक्यावरच्या पदराला पुसटशी कड देईल आणि गडद पदर गडद भिंतीत मिसळणार नाही. आमच्या भागात सौर मध्यान्ह माघात पाऊण वाजण्याच्या सुमारास होते, त्यामुळे अकराच्या आसपास कवडसा नेमका कुठे पडतो हे आदल्या दिवशी खडूने आखून ठेवा.

उत्तरेच्या खिडकीबद्दलही थोडे लिहितो, कारण परदेशी पुस्तकांतून तिचे फार गुणगान होते. तिकडे त्या खिडकीत ऊन जवळजवळ येतच नाही, म्हणून चित्रकारांनी ती निवडली. बेळगाव साधारण 15.9 अंश उत्तर अक्षांशावर आहे, आणि मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत भरदुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. माघात मात्र तो दक्षिणेला असतो, त्यामुळे आपली गजांची खिडकी सध्या दिवसभर स्थिर उजेड देईल. आजोबांचा नवा फोटो काढायचा असेल तर तिथे काढा.

चिकोडीचा_छापखाना

छपाईबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. पडद्यावर जी सावली छान दिसते ती कागदावर हमखास एक पायरी गडद होते, कारण पडदा स्वतः उजेड देतो आणि कागद देत नाही. बारा बाय अठराचा मोठा फोटो एकदम छापू नका. आधी चार बाय सहाचे तीन छोटे फोटो छापून घ्या: एक आहे तसा, एक थोडा उजळ, एक आणखी उजळ. ते घरी नेऊन जिथे फोटो टांगायचा त्याच भिंतीवर, त्याच उजेडात धरून पाहा. दुकानातल्या लखलखाटात निवडलेला फोटो सोप्यात नेल्यावर काळा वाटतो, हे मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो. तीनशे डीपीआयला (इंचाला तीनशे ठिपके) या आकारासाठी 3600 बाय 5400 पिक्सेल लागतात. आपल्या चोवीस मेगापिक्सेलमध्ये ते बसतात, फक्त फोटो फार कापू नका.

कागद मॅट घ्या. आणि फोटो दारासमोरच्या भिंतीवर लावू नका. गडद फोटोवर काच आली की काळ्या भागाचा आरसा होतो, आणि आजीच्या सावलीच्या जागी तुम्हाला तुमचे अंगण दिसेल.

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

सर्वांना नमस्कार. फोटो झाला, आज छापूनही आला, म्हणून कळवत आहे.

घोंगडी अंथरल्याबरोबर तांबूस झाक गेली. दोन धोतरे आणि एक धोतर असे दोन्ही प्रकार करून पाहिले. शहापूरच्या काकांची क्षमा मागते, पण एकच धोतर कॅमेऱ्याच्या बाजूला आणून काढलेला फोटो अधिक चांगला आला. त्यात इरकलीचा काठ सावलीत आहे आणि तरी दिसतो. काचेच्या कौलाचा कवडसा आदल्या दिवशी खडूने आखला होता, त्याप्रमाणे अकरा वाजून दहा मिनिटांनी तो चादरीवर आला आणि पदराच्या कडेवर केसाएवढी उजळ रेघ उमटली.

हनुवटी खाली घ्यायला सांगितले तर आजी एकदम मान खाली घालत होती. शेवटी मी तिच्या मांडीवर तांदळाचे सूप ठेवले आणि निवडायला सांगितले. दहा मिनिटांत ती कॅमेरा विसरली. मग मी हाक मारली आणि तिने मान न उचलता फक्त डोळे वर केले. त्या क्षणी कपाळ दाराकडे झुकलेले होते. गोंदणाच्या पाचही रेघा आणि मधला ठिपका, सगळे आले आहे. कृष्णधवल करताना लाल वाढवला तेव्हा सांगितल्याप्रमाणे कुंकू खरोखरच नाहीसे झाले, ते हिरव्याच्या हिशेबाने परत आणले.

तीन छोट्या फोटोंपैकी सोप्यात मधला योग्य वाटला. आजोबांचा फोटो नेमका दारासमोरच्याच भिंतीवर होता आणि इतकी वर्षे त्यात आम्हाला अंगण दिसत होते, हे आता लक्षात आले. दोन्ही फोटो दक्षिणेच्या भिंतीवर शेजारी शेजारी लावणार आहोत.

आजीला मोठा फोटो दाखवला. तिने चष्मा लावला, हनुवटीवरच्या ठिपक्यावर बोट ठेवले, आणि मग गोंदवून घेताना सुईला घाबरून ती कशी पळाली होती आणि तिच्या आईने तिला कुठून धरून आणले, हे सांगत बसली. काळ्या बाजूबद्दल ती काही बोलली नाही.